तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तेलाचं तेवढं बघा, नेतो की’

“चार सीटचं विमान आहे, माणूस ओळखीचा आहे, तेलाचं तेवढं बघा म्हणतोय. बसू का?” हा प्रश्न मला लग्नसराईत येतो, निवडणुकीच्या तोंडावर येतो, आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखानदारांकडून तर बारमाही येतो. ‘नको’ म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: “अहो, तुम्ही उगाच घाबरवता. गावात वडापनं, सीटवर पैसे घेणाऱ्या जीपनं, जातोच की.” तर एकदाच सगळं सविस्तर लिहितो. पुन्हा कुणी विचारलं तर हेच पुढे करीन.

आधी कायदा, कारण तो थोडक्यात आहे. 1937 च्या विमान नियमांत ‘सार्वजनिक वाहतूक’ म्हणजे काय ते लिहून ठेवलंय: कोणत्याही स्वरूपाचा मोबदला घेऊन माणसं किंवा वस्तू विमानानं नेणं. 1934 चा मूळ कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम, 2024 हा 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला. पण ‘कोणत्याही स्वरूपाचा’ या शब्दांतून निसटायची वाट मला तरी दिसलेली नाही. तेलाचे पैसे हा मोबदलाच. पायलटच्या हॉटेलचं बिल भरणं, हँगरचं भाडं परस्पर देणं, ‘विमान एकाकडून घेतलं, पायलट दुसऱ्याकडून’ असं कागदावर दाखवणं, प्रवासाच्या जागी जाहिरातीचं बिल फाडणं, या सगळ्या युक्त्या मला माहीत आहेत. त्या सांगणाऱ्यांनाही माहीत असतं की हे भाडंच आहे. माहीत नसतं तर युक्ती कशाला लागली असती?

पैसे घेऊन माणसं न्यायची तर डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) नॉन-शेड्यूल्ड, म्हणजे ठरलेलं वेळापत्रक नसलेल्या फेऱ्यांचा, ऑपरेटर परवाना लागतो आणि ते ठरावीक विमान त्या परवान्यावर चढवलेलं असावं लागतं. उडवणाऱ्याकडे सीपीएल, म्हणजे व्यावसायिक लायसन्स लागतं. आपल्याकडे पीपीएल, म्हणजे खासगी लायसन्स, 40 तासांच्या उड्डाणावर मिळतं, सीपीएलला 200 तास लागतात आणि वैद्यकीय तपासणीही वरच्या दर्जाची. पीपीएलवाल्यानं माणसं नेऊ नयेत असं नाही. घरच्यांना, मित्रांना फुकट खुशाल न्यावं. पैसे घेऊ नयेत, एवढंच.

आता वडापचं. तुलना चुकीची नाही, अपुरी आहे. पांढऱ्या पाटीच्या जीपमध्ये दहाच्या जागी चौदा बसले तरी गाडी बंद पडली की कडेला लावता येते. मला यातला खरा फरक वेगळाच वाटतो: “आज जायचं नाही” हे म्हणायला पायलटशिवाय दुसरं कुणी आहे का? परवानाधारक कंपनीत अशी माणसं असतात. देखभालीचा इंजिनिअर सही अडवू शकतो, ऑपरेशन्स बघणारा हवामान बघून फेरी रद्द करू शकतो, आणि विमान पडलं तर नाव कुणाचं येणार हे आधीच ठरलेलं असतं. ‘तेलाचं बघा’ प्रकारात हा नकार देणारा माणूसच गाळलेला असतो. विमान स्वस्त पडतं ते त्यामुळेच.

एमिलियानो सालाचं प्रकरण मी म्हणूनच सारखं काढतो. तो अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू, वय 28. फ्रान्सच्या नांत क्लबातून वेल्सच्या कार्डिफ सिटीनं त्याला दीड कोटी पौंडांना घेतलं होतं. जुन्या सहकाऱ्यांचा निरोप घ्यायला तो नांतला गेला आणि 21 जानेवारी 2019 च्या रात्री एका इंजिनाच्या पायपर मालिबू विमानातून कार्डिफला निघाला. ग्वेर्नसी बेटाजवळ विमान समुद्रात पडलं. सालाचा मृतदेह मिळाला, पायलटचा कधीच नाही.

ब्रिटिश अपघात तपास विभागाचा अहवाल मार्च 2020 मध्ये आला. पायलटकडे खासगी लायसन्स होतं, पैसे घेऊन कुणाला नेण्याची मुभा नव्हती. रात्रीच्या उड्डाणाचं प्रशिक्षण पूर्ण नव्हतं. त्या प्रकारच्या विमानाचं ब्रिटिश रेटिंग, म्हणजे ते उडवायची मान्यता, नोव्हेंबर 2018 मध्येच संपलं होतं. म्हणजे कागदावर तो त्या रात्री, त्या विमानात, त्या प्रवाशाबरोबर बसायलाच नको होता. तपासाचा निष्कर्ष असा की, बहुधा खराब हवामान टाळायला हातानं वळण घेताना ताबा सुटला, वेग विमानाच्या मर्यादेपलीकडे गेला आणि ते हवेतच तुटलं.

पण त्याआधीही एक गोष्ट घडली होती. सालाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडनं व्यापलेलं हिमोग्लोबिन 58 टक्के निघालं. पन्नाशीपुढे माणूस दगावू शकतो. पायलटही त्याच केबिनमधली हवा घेत होता. अशा विमानांत केबिन गरम करायची रीत साधी असते: इंजिनाच्या धुराड्याच्या मफलरभोवती पत्र्याचं जाकीट असतं, बाहेरची हवा त्या जाकिटातून फिरते, तापते आणि केबिनमध्ये येते. मफलरच्या पत्र्याला केसाएवढी चीर पडली की त्याच वाटेनं धूरही आत येतो. शुद्ध कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मग निर्णय चुकायला लागतात, आणि ते चुकताहेत हे कळण्याची शुद्ध आधीच गेलेली असते. त्या विमानात आवाज करून सावध करणारा डिटेक्टर नव्हता. अवशेष समुद्रातून वर काढले नाहीत, त्यामुळे गळती नेमकी कुठे होती हे सिद्ध झालं नाही.

मला सर्वांत जास्त टोचतं ते पुढचं. विमानाचं काम बघणाऱ्या बाईंनी या पायलटला पुन्हा हे विमान देऊ नका असं आधीच सांगितलं होतं, कारण त्यानं हवाई हद्दीचे नियम मोडल्याच्या तक्रारी आल्या होत्या. फेरीची जुळणी करणाऱ्या डेव्हिड हेंडरसननं तरीही त्यालाच पाठवलं. म्हणजे नकार देणारं माणूस तिथेही होतं, पण त्या नकाराला कायद्याचं बळ देणारी चौकट नव्हती. ती नव्हती कारण सगळा व्यवहारच चौकटीबाहेरचा होता. हेंडरसनला नोव्हेंबर 2021 मध्ये 18 महिन्यांची कैद झाली. सालाला यातलं काय ठाऊक असणार? त्याला एवढंच माहीत होतं की कुणीतरी विमानाची सोय केली आहे. आपल्या कारखानदारालाही एवढंच माहीत असतं.

“पण आमचा पायलट अनुभवी आहे.” असेल. मग त्याच्याकडून एक हिशेब करून घ्या. सेसना 172 एस हे चार सीटचं विमान आपल्या सगळ्या फ्लाइंग स्कूलमध्ये ओळखीचं. उड्डाणाचं कमाल वजन 1157 किलो. रिकामं विमान साधनसामग्रीसह 770 च्या आसपास धरा. उरले 387. ऐंशी-ऐंशी किलोचे चौघे म्हणजे 320. दोन बॅगा आणि पाहुण्यांसाठी दहा किलोचा गुळाचा रवा, मिळून 20. राहिले 47 किलो, म्हणजे साधारण 65 लिटर एव्हगॅस, छोट्या विमानांचं पेट्रोल. ताशी 35 लिटर जळतं, तर पावणेदोन तासांहून थोडं जास्त. त्यातून अर्ध्या तासाचं राखीव बाजूला काढलं की हातात सव्वा तास. कोल्हापूर-मुंबई हवाई अंतर 300 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चढणं-उतरणं धरून दीड तास. बसत नाही. मग काय होतं? टाकी फुल्ल करतात आणि वजनाचा विषयच काढत नाहीत. विमान जवळजवळ शंभर किलोनं जड होतं. बॅगा मागे टाकलेल्या असतात, त्यामुळे गुरुत्वमध्य मागे सरकतो. अशा विमानाचा वेग पडला की नाक खाली आणून त्याला सावरणं अवघड होतं.

वर आपला एप्रिल. उजळाईवाडीचा, म्हणजे कोल्हापूरचा, विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 फुटांवर आहे. 38 अंशांच्या दुपारी तिथली हवा 5200 फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. 180 अश्वशक्तीच्या इंजिनातून दीडशेच्या आसपासच मिळतात, प्रोपेलर आणि पंख दोघांनाही हवा कमी पकडता येते, आणि धावपट्टी सोडून 50 फुटांवर पोचायला लागणारं अंतर समुद्रसपाटीच्या दीडपटीहून जास्त होतं. आपली धावपट्टी लांब आहे, तिथे निभावतं. अडचण नंतरच्या चढाईत येते, आणि पलीकडच्या टोकाला आखूड पट्टी असेल तर परतीच्या उड्डाणात.

पावसाळ्याचं तर विचारूच नका. गगनबावडा-आंबा घाटांच्या माथ्यावर ढग टेकलेले असतात आणि नजरेवर उडायचं तर 5 किलोमीटर दृश्यता लागते. ढगात शिरलेल्या आणि फक्त साधनांवर उडायचं प्रशिक्षण नसलेल्या पायलटला विमान कुठल्या बाजूला कलतंय हे अंगाला कळत नाही. दमट हवेत, 20-25 अंशांतही, जुन्या इंजिनांच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो.

तेलाबद्दलही एक. एव्हगॅस प्रत्येक विमानतळावर मिळत नाही. छोट्या रोटॅक्स 912 इंजिनाच्या विमानांत पंपावरचं पेट्रोल चालतं असं लोक सांगतात. चालतं, पण 10 टक्के इथेनॉलपर्यंत. आपल्या पंपांवर आता 20 टक्क्यांचं मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, थंडीत ते वेगळं होऊन तळाला बसतं, आणि रबरी नळ्या-सील खराब करतं.

एक मात्र मी मोकळेपणानं सांगतो. खर्च वाटून घ्यायला आपल्याकडेही वाट असावी, असं मी पूर्वी ठासून म्हणायचो. अमेरिकेत पीपीएलवाला आपला समान वाटा भरून प्रवाशांबरोबर इंधनाचा खर्च वाटू शकतो, मात्र गावभर जाहिरात करून गिऱ्हाईक गोळा करू शकत नाही. युरोपात पायलटसह सहा माणसांपर्यंत थेट खर्च वाटता येतो. हौशी पायलटचे तास वाढतात, आणि कमी उडणारा पायलट जास्त धोकादायक असतो, हेही खरं. पण सालाचा अहवाल वाचल्यावर त्या जुन्या म्हणण्याशी माझं जमत नाही. वाट दिली की तिच्या कडेनं भाड्याचा धंदा चालणार, आणि तपासायला कोण येणार? वाट नाही दिली तर तोच धंदा अंधारात चालतो. दोन्ही बाजूंनी मी स्वतःशी भांडतो आणि कुठेच पोचत नाही.

तोवर तुम्ही काय करायचं? शेपटीजवळचा व्हीटीनं सुरू होणारा नंबर लिहून घ्या. ऑपरेटरचं नाव विचारा आणि तो नंबर डीजीसीएच्या परवानाधारकांच्या यादीत आहे का ते बघा. पावती मागा. विमा ‘खासगी वापरा’चा आहे की प्रवासी वाहतुकीचा, ते कागदावर दाखवा म्हणा. खासगी वापराच्या पॉलिसीवर भाड्याची फेरी केली तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. तुमची स्वतःची अपघात पॉलिसीही काढून वाचा. बऱ्याच पॉलिसींत परवानाधारक विमानातला भाडं भरलेला प्रवासी सोडून इतर हवाई प्रवास वगळलेला असतो. आणि “कुणी विचारलं तर मित्र आहोत म्हणून सांगा” असं पायलट म्हणाला, तर तिथूनच घरी या. बाकी काही तपासायची गरज नाही.

पायलट खरोखर तुमचा मेव्हणाच असेल, पैशाचा संबंध नसेल, तर कायद्याची हरकत नाही. मफलर मात्र तोच असतो. त्याला विचारा, मागच्या तपासणीत मफलरचं जाकीट काढून पाहिलं होतं का. केबिनमध्ये आवाज करणारा डिटेक्टर आहे का. रंग बदलणारं कार्ड दाखवलं तर त्यावरची तारीख बघा, ती कार्डं जुनी झाली की कुचकामी होतात. आणि आजचं वजन किती भरतंय ते किलोत सांगायला लावा. त्याला कागद-पेन्सिल लागली तर चांगलंच आहे, बसून करू द्या त्याला हिशेब.