तुम्ही विचारलेत म्हणून : पाहुण्यांना मी अडकित्ते बघायला का नेते

गेली वीस-पंचवीस वर्षे नात्यागोत्यात, सोसायटीत आणि पूर्वी बँकेतही मला एकच प्रश्न विचारला जातो. पुण्यात शनिवारवाडा आहे, सिंहगड आहे, आगाखान पॅलेस आहे. तरी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तुम्ही केळकर संग्रहालयातच का घेऊन जाता? अडकित्ते, दिवे आणि जुनी भांडी यांशिवाय तिथे आहे काय? आजवर "एकदा येऊन तर बघा" एवढे म्हणून मी विषय संपवत आले. या दिवाळीत माझ्या जावेच्या सुनेने सगळ्यांसमोर पुन्हा तेच विचारले आणि वर "म्हातारपणीचा हट्ट" असेही म्हटले, म्हणून हे लिहीत आहे.

हा हट्ट नाही. मला शनिवारवाड्याचाही कंटाळा नाही. पण शनिवारवाड्यात जोती आणि तटबंदी उरली आहे, आणि त्या जोत्यांवर राहणारी माणसे सुपारी कशाने कातरत होती, काजळ कशात ठेवत होती, हे बघायचे असेल तर पावले शुक्रवार पेठेतल्या या संग्रहालयाकडेच वळवावी लागतात. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढची कितीतरी दशके, पत्नी कमलाबाई यांच्या साथीने, ते गावोगाव हिंडत राहिले. संग्रहालयाचे पूर्ण नाव 'राजा दिनकर केळकर संग्रहालय'; त्यातला 'राजा' म्हणजे त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा. "हे कुठले राजे?" असे पाहुणे नेहमी विचारतात आणि दर वेळी मला ते सांगताना थांबावे लागते. वीस हजारांहून अधिक वस्तू त्या संग्रहात आहेत आणि मांडलेल्या आहेत त्या सुमारे अडीच हजार. घोड्याच्या आणि पक्ष्याच्या आकाराचे अडकित्ते, लामणदिवे, कुलुपे, फण्या, दौती, पाडलेल्या वाड्यांचे कोरीव दरवाजे आणि वज्री. कोथरूडचा मस्तानी महाल तर अवशेष आणून तिथे पुन्हा उभा केला आहे. तो कोथरूडहून पेठेत आला; आम्ही पेठेतून कोथरूडला गेलो.

आता वज्रीबद्दल. अंघोळीच्या वेळी टाचा घासायची पितळी वस्तू, खालून खरखरीत आणि वर धरायला मोर, हत्ती, पोपट असे काहीतरी. माझ्या सासूबाईंची पोपटाची होती. ती त्यांनी वाईहून, माहेराहून, लग्नात आणली होती.

१९९४ मध्ये आमचा शनिवार पेठेतला वाडा पाडायला दिला. सासूबाई पंधरा दिवसांसाठी लेकीकडे गेल्या होत्या आणि सामान आवरायचे काम माझ्यावर होते. नोकरी, दोन मुले आणि पुढे दोन खोल्यांचा फ्लॅट. माळ्यावर तांब्याचा बंब, दोन घंगाळी, समया, पानाचा डबा, शेवयांचा पाट असे काय काय होते. मी पाट तेवढा ठेवला आणि बाकी सगळे दोन पोत्यांत भरून मोडीत घातले. न्हाणीघराच्या कोनाड्यातली वज्री शेवटच्या क्षणी पोत्यात टाकल्याचे मला स्पष्ट आठवते, कारण ती हातात घेतल्यावर ओली लागली होती. म्हणजे ती अडगळ नव्हती. आदल्या आठवड्यापर्यंत कोणीतरी ती वापरत होते आणि ते मला त्या क्षणी कळले होते. एकंदर अठराशे रुपये आले. त्यांतून मी स्वयंपाकघरात स्टीलची मांडणी करून घेतली.

त्या वस्तूंतल्या बऱ्याचशा १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आल्यावर, सासूबाईंनी स्वतः उचलून माळ्यावर नेल्या होत्या. चौकात पाणी चढत असताना त्यांनी आधी मुलांना वर पोचवले आणि मग भांड्यांना. हे मला ठाऊक होते. घरात दर जुलैत ते सांगितले जाई.

नव्या घरी आल्यावर त्यांनी फक्त एक विचारले, "माझी वज्री कुठे ठेवलीस?" मी म्हटले, "सामानात असेल, सापडेल." त्या तीन-चार महिने खोकी उघडून बघत होत्या. मग थांबल्या.

दोन वर्षांनी नागपूरहून पाहुणे आले आणि त्यांच्यासोबत मी सासूबाईंना प्रथमच संग्रहालयात नेले. वज्रींच्या कपाटापाशी त्या थांबल्या, त्या थांबल्याच. पाहुणे पुढच्या दालनात गेले. सासूबाई वाकून, मान तिरकी करून काचेतून वज्रींच्या खालच्या बाजूला काय दिसते ते बघू लागल्या. काही दिसत नव्हते. त्या म्हणाल्या, "ह्या उलट्या ठेवायला हव्या होत्या. खालून बघितले की कळते, कोणी किती वापरली ते." त्यांची स्वतःची एका कडेने पार गुळगुळीत झाली होती, कारण त्या नेहमी उजव्या टाचेपासून सुरुवात करत. जिना उतरताना माझा हात धरून त्यांनी विचारले, "मोडीत किती आले?" मी खरा आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "बरे आले," आणि पुढे रिक्षा मिळेपर्यंत काही बोलल्या नाहीत. त्यानंतरही हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

ती क्षमा होती की नव्हती, हे मला आजही सांगता येत नाही. माझे यजमान म्हणत की एवढे मनाला लावून घेण्यासारखे त्यात काही नाही, त्या काळी सगळ्यांनीच पितळ विकून स्टील घेतले. ते खरेच आहे. तेव्हाच्या मला मी आज दोष देऊ गेले, तर ती लगेच विचारते की बंब कुठे ठेवणार होतीस, गॅलरीत? तिच्याकडे उत्तर आहे आणि माझ्याकडे नाही. पण "तसली वस्तू संग्रहालयात असतेच, घरात कशाला हवी" असेही तीच तेव्हा म्हणाली होती, आणि ते मात्र मला पटत नाही. कपाटातल्या वज्रीवर प्रदेश आणि काळ लिहिता येतो. ती उजव्या टाचेपासून झिजली, हे लिहायला ती वापरणारी बाई लागते.

पुण्यात अशी आणखीही ठिकाणे आहेत आणि तिथेही मी पाहुण्यांना नेते. कोथरूडला भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय आहे. सिग्नल, फाटके, बोगदे यांसह सगळे गाव आपल्यासमोर चालू लागते आणि मोठी माणसेही तिथे खाली वाकून बघतात. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकली जमवल्या आहेत, आणि एके काळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या गावाने त्या बघायलाच हव्यात. जाण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी. याही संग्रहांना लोक विचित्र म्हणतात. मला त्यात विचित्र काही दिसत नाही; इतरांनी मोडीत घातले ते एका माणसाने ठेवून घेतले, एवढेच मला तिथे दिसते.

पुढच्या महिन्यात माझी भाची मुलांना घेऊन येत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय उघडताच आम्ही आत जाऊ, आणि वज्रींच्या कपाटापाशी थोडा वेळ लागेल, हे मी तिला फोनवरच सांगून ठेवले आहे.