दोन बोल्ट, एक नट आणि हवा

आमच्या २००४च्या क्वालिसचा क्लच दाबला की खालीच राहायला लागला होता. सकाळी सगळं ठीक असायचं. पण कुंभार्ली घाटात ट्रकच्या मागे अडकून पहिला-दुसरा, पहिला-दुसरा सुरू झालं की पेडल मऊ पडायचं. रिव्हर्स टाकताना खर्रर्र. पेडल भराभर मारलं की गियर बसायचा. बाबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, त्यांनी निकाल बाजूच्या सीटवरूनच दिला: "प्लेट नाही गेलेली. प्लेट गेली की गाडी ओढत नाही. ही ओढतेय, पण सोडत नाहीये."

बरोबरच होतं. या क्लचला केबल नसते. पेडल वरच्या सिलेंडरमधलं ब्रेक ऑइल ढकलतं, ते नळीतून गियरबॉक्सजवळच्या खालच्या सिलेंडरमध्ये येतं, तिथला पिस्टन दांडीने फोर्कला, म्हणजे प्लेट सोडवणाऱ्या दांड्याला, रेटतो आणि प्लेट इंजिनापासून सुटी होते. तेल दाबून आकसत नाही. पण कुठून गळलं, किंवा मध्ये हवा शिरली, की पायाचा जोर तिथेच जिरतो आणि फोर्क अर्धाच हलतो.

वरचा गेला की खालचा, हे बघायला पाने लागत नाहीत. पेडलच्या मागच्या पत्र्यावर हात फिरवला, कोरडा. मग गाडीखाली जाऊन खालच्या सिलेंडरचा रबरी बूट मागे सारला, तर थेंब मनगटावर. गंमत म्हणजे गेल्याच वर्षी नवी क्लच प्लेट टाकली होती, आणि प्लेटनंतर खालचा सिलेंडर गळणं हे नेहमीचंच. प्लेट झिजते तसा पिस्टन सिलेंडरमध्ये आत आत बसत जातो. नवी प्लेट आली की तो पुन्हा तोंडाकडे सरकतो, म्हणजे ज्या भागात मधल्या वर्षांत गंज आणि कचरा साचला त्याच भागावर सील घासायला लागतं. प्लेट टाकणाऱ्याला शिव्या देण्यात अर्थ नाही.

खोलताना क्रम महत्त्वाचा. आधी नळीचा नट, मग बोल्ट. सिलेंडर घट्ट बसलेला असतानाच दहाचा नट फोडायचा. नंतर हातात लोंबणाऱ्या सिलेंडरवर पाना लावला की नळी पिळते. नेहमीचा फिक्स पानाही नको, नटाचे कोपरे गोल होतात. नळीसाठी एका बाजूने कापलेला रिंग पाना मिळतो, तोच घ्यावा. मी आदल्या संध्याकाळी गंजावर तेल मारून ठेवलं होतं. वर तेलाच्या डबीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून झाकण लावलं, म्हणजे नळी सुटल्यावर सगळं तेल अंगावर येत नाही. ब्रेक ऑइल रंग खातं, म्हणून पाण्याची बादली जवळ. मग बाराचे दोन बोल्ट, आणि सिलेंडर हातात. यानंतर कुणीही पेडलला पाय लावायचा नाही.

आत काळा गाळ होता आणि तोंडापाशी गंजाचे खड्डे. बाबांचं म्हणणं, "किट टाक, साठ नंबरचा पेपर मार, चालेल." सिलेंडरची भिंत गुळगुळीत असेल तर किटने, म्हणजे नुसती नवी रबरी सीलं टाकून, भागतं, मान्य. खड्ड्यावर नवं सील किती टिकणार? पुढच्या पावसात पुन्हा गाडीखाली झोपण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून अख्खा नवा सिलेंडर आणला.

बसवताना उलटा क्रम, पण एक फरक. नळीचा नट आधी नुसत्या बोटांनी तीन-चार आटे चढवून घ्यायचा, मग सिलेंडर बोल्टने आवळायचा, आणि नट पान्याने शेवटी. सिलेंडर आधी आवळला की नळी तिरकी येते, आणि जोर केला की आटे जातात. दांडीच्या टोकाला, जिथे ती फोर्कमध्ये बसते, तिथे किंचित ग्रीस. बूटच्या आत मात्र साधं ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं. आतले भाग पेट्रोल-डिझेलने पुसायचे नाहीत, तेही याच कारणाने.

उरली हवा, आणि दिवसाचा मोठा भाग तिनेच खाल्ला. खालच्या सिलेंडरवर हवा काढायचं निप्पल असतं, त्याला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीत तेलाखाली बुडवलेलं. पेडलवर बाबा, डबीपाशी आई. बाबांना आयुष्यभर डबल क्लचची, म्हणजे एका गियरला दोनदा पेडल मारायची सवय, ते पंपासारखं मारत सुटले.

"बाबा, हळू! फेस होतोय आत."

"अगं, दाबल्याशिवाय हवा निघेल कशी?"

शेवटी ठरलं: दाबून झाल्यावरच त्यांनी "दाबला" म्हणायचं, मी निप्पल उघडून बंद करणार, आणि मी "सोडा" म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही. निप्पल उघडं असताना पाय उचलला तर गेलेली हवा परत आत. आईचं काम सोपं पण नाजूक, डबी रिकामी होऊ द्यायची नाही. झाली तर पहिल्यापासून. तेल सीलबंद बाटलीतलंच, डबीच्या झाकणावर लिहिलंय त्या जातीचं. चिपळूणच्या हवेत उघडी बाटली ठेवली की ते ओल शोषतं, आणि तीच ओल सिलेंडर आतून गंजवते. माळ्यावरची अर्धी बाटली बाबांनी पुढे केली होती, ती मी घेतली नाही.

बुडबुडे थांबले तसं पेडल वर यायला लागलं. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबला, क्षणभर थांबून रिव्हर्स टाकला: आवाज नाही. दुसऱ्या दिवशी बाबाच कोयनानगरपर्यंत चालवत गेले. परत आल्यावर बूट मागे सारून बघितला, कोरडा. डबीवर मार्करने तेलाची रेघ मारून ठेवली आहे. ती खाली गेली तर पुढची पाळी वरच्या सिलेंडरची, आणि त्याला स्टिअरिंगखाली डोकं घालून झोपावं लागतं.