तुम्ही विचारलंत म्हणून: जपानचं जुनं एचएमसी आणलं तर परवडतंय काय?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही एमआयडीसीतला शॉपवाला भेटला आणि आपल्याकडं जपानी मशीन चालतंय हे त्याला माहीत असलं की प्रश्न ठरलेला, दादा, जपानचं सेकंडहँड एचएमसी (हॉरिझॉन्टल मशिनिंग सेंटर, म्हणजे फिरणारं टूल आडवं बसणारं, धातू कापायचं कंप्युटरवरचं मशीन) आणलं तर परवडतंय काय, आणि कस्टममध्ये किती जातात? फोनवर प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो. परवडतंय. आणि कस्टमला उगाच घाबरताय, खरे पैसे जातात ते मशीन शॉपमध्ये उतरल्यावर.

आधी ड्युटी संपवू. मशिनिंग सेंटरला बेसिक ड्युटी साडेसात टक्के, त्या ड्युटीवर दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, आणि मशीनची किंमत धरून या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), मिळून २७.७३५ टक्के होतात. म्हणजे २० लाखाच्या व्हॅल्यूवर ५,५४,७०० रुपये, आकडा ऐकून माणूस मागं सरकतो, पण त्यातले ३,८९,७०० आयजीएसटीचे आहेत आणि त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे आपल्याला भरायच्या जीएसटीतून ते वळते होतात, तेव्हा खरा खर्च १,६५,००० (रेट बजेटला बदलू शकतात, सीएचएला, म्हणजे कस्टमचं काम करणाऱ्या एजंटला, विचारूनच हिशोब धरा). आयईसी कोड (आयात-निर्यातीचा नंबर) ऑनलाइन निघतो, त्यात काही नाही. जुनं मशीन म्हणून चार्टर्ड इंजिनिअरचा रिपोर्ट लागतो, मेकिंग कुठल्या सालचं, नवीन असताना किंमत काय, अजून किती वर्षं चालेल वगैरे, आणि व्हॅल्यू ठरवताना कस्टमवाले तो रिपोर्ट बघतात. त्यामुळं "इनव्हॉइस कमीचं करून देतो" म्हणणारा ट्रेडर भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता मुद्द्याचं, मशीन उतरल्यावर पैसे जाऊ नयेत म्हणून आधी काय बघायचं. मशीन तिथं करंटवर चालू असताना बघितल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. स्वतः जा, नाहीतर तिथल्या माणसाला पैसे देऊन बघायला लावा, पण स्पिंडल फुल स्पीडला फिरताना, पॅलेट (जॉब बसवायचं टेबल) बदलताना, टूल चेंजर सगळे टूल फिरवताना व्हिडिओ पाहिजे. गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली झाकलेल्या मशीनचे फोटो बघून सौदा करू नका, रंग काय कुणीही मारतंय.

चालू आहे तेव्हाच बॅटऱ्या बदलून घ्या. हे कुणी सांगत नाही. जुन्या फॅनक कंपनीच्या कंट्रोलमध्ये (मशीन चालवणाऱ्या कंप्युटरमध्ये) पॅरामीटर आणि प्रोग्राम बॅटरीच्या जोरावर मेमरीत राहतात, एन्कोडरची (अ‍ॅक्सिस कुठं आहे ते सांगणाऱ्या सेन्सरची) बॅटरी वेगळी असते. मशीन तिथं गोडाऊनला, मग बोटीत, मग न्हावाशेवा बंदरात, मग आपल्याकडं फाउंडेशन सुकेपर्यंत कोपऱ्यात, असं महिनोन्महिने करंटशिवाय पडतं आणि तेवढ्यात बॅटरी उतरली की स्क्रीनवर नुसते अलार्म. अ‍ॅक्सिसचा झिरो जातो तो एकवेळ परत सेट होतो, पण पॅरामीटर गेले आणि पॅनेलच्या दारात ठेवलेला पॅरामीटरचा कागदही नसला तर मग बसा. मेमरी कार्डवर बॅकअप घ्यायला सांगा आणि ते कार्ड मशीनबरोबर पाठवू नका, वेगळं मागवा.

दुसरं, लॉक. काही जपानी कंपन्यांच्या मशीनला जागा बदलली की कळणारा सेन्सर असतो, एकदा हललं की इथं स्विच दिला तरी ते चालू होत नाही, कंपनीकडून कोड आणावा लागतो आणि कोण वापरणार, कुठं बसवणार हे सगळं लिहून द्यावं लागतं. आपल्याला वाटतं ही काय कटकट, पण त्यामागं इतिहास आहे. १९८०च्या दशकात तोशिबा मशीन कंपनीनं पाणबुडीचे प्रोपेलर घडवता येतील अशी मिलिंग मशीनं सोव्हिएत युनियनला विकली, १९८७ला ते बाहेर आलं, अमेरिका भडकली, आणि तेव्हापासून मशीन कुणाच्या हातात जातंय याबाबत जपान लई कडक. आपण ट्रॅक्टरचं हाउसिंग बोअर करणार, पण मशीनला ते कसं कळणार. तेव्हा अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी सिरियल नंबर घेऊन कंपनीच्या भारतातल्या ऑफिसला विचारा.

तिसरं, करंट. आपल्याकडं ४१५ व्होल्ट, जपानी मशीन २०० व्होल्टवर. ट्रान्सफॉर्मर लागणारच, नेमप्लेटवरचा केव्हीए बघून घ्या, काटकसर करून लहान घेऊ नका. आणखी एक गंमत म्हणजे टोकियोच्या बाजूला ५० हर्ट्झ आणि ओसाका-नागोयाकडं ६०, एका देशात दोन, कारण सव्वाशेक वर्षांपूर्वी एकांनी जर्मन जनरेटर आणले आणि दुसऱ्यांनी अमेरिकन. सर्व्हो, स्पिंडलला फरक पडत नाही, पण ६० वर चालणारी कूलंट आणि हायड्रोलिकची मोटर आपल्या ५० वर हळू फिरते, प्रेशर, फ्लो परत बघावा लागतो. मोटरच्या प्लेटवर दोन्ही हर्ट्झ लिहिलेत का एवढं बघून घ्या.

वाहतूक सीएचए आणि ट्रेलरवाला बघतात. फक्त लाकडी पॅकिंगवर कीड मारायच्या ट्रीटमेंटचा शिक्का आहे ना ते विचारा, आणि हायड्रा क्रेन बोलवायच्या आधी शेडच्या दाराची उंची मोजा. ऐन पावसात मशीन येईल असं बुकिंग करू नका. २०१९ आणि २०२१ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं होतं तेव्हा ट्रकच्या रांगा सगळ्यांनी बघितल्यात, आणि बंदरात कंटेनर अडकला तर त्याचं भाडं रोज चढतं.

ईपीसीजीत (निर्यात करणाऱ्यांना मशीनवर ड्युटी माफ करणाऱ्या सरकारी योजनेत) ड्युटी माफ होते काय असंही विचारतात. ती नवीन मशीनला, सेकंडहँडला नाही.

आणि साधं व्हीएमसी (टूल उभं बसणारं मशिनिंग सेंटर) किंवा सीएनसी लेथ पाहिजे असेल तर जपानचं नावच काढू नका. बेंगळुरू, राजकोटला नवीन मिळतंय, बँक लोन पण पटकन करते, आणि बंद पडलं तर हाकेच्या अंतरावरचा सर्व्हिस इंजिनिअर येतो. एचएमसीचं गणित वेगळं, नवीन घ्यायची ताकद आपल्यातल्या फार थोड्यांची आहे.