नट हलतोय की पाना?

गाडीचा पहिला स्टड तुटला तेव्हा आवाजच झाला नाही. मला वाटलं होतं, 'खाट्' वगैरे काहीतरी होईल. उलट पाना एकदम हलका फिरला, मी "आला, आला!" म्हणून ओरडले आणि नटासकट अर्धा स्टड, म्हणजे ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा, हातात आला. बाबा शेडच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आला नाही, गेला."

गाडी म्हणजे आमची १९८६ची प्रीमियर पद्मिनी. पुण्यात सहकारनगरच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये २००९पासून उभी. आधी बाबांचा गुडघा गेला, मग बॅटरी गेली, मग विषयच गेला. शेडचं छप्पर पुढच्या बाजूने गळतं आणि वर शिरीष आहे. त्याची बारीक पानं काचेखालच्या जाळीतून आत पडत राहिली, पाणी जायची भोकं बुजली आणि दर पावसाळ्याचं पाणी आत मुरत गेलं. चटई उचलली तर ड्रायव्हरच्या पायाखाली शेडची फरशी दिसली. आई डोकावून म्हणाली, "आता पायांनीच पळवायची का?"

पत्र्याचं काम मी डेंटरकडे सोपवलं, कारण कुजलेला पत्रा कापून नवा जोडणं हा माझा घास नाही. मला एकच सांगायचं होतं ते सांगितलं: भोकावर लांबी (पुट्टी) थापून रंग मारायचा नाही. पण तिथवर गाडी न्यायची तर चाकं फिरायला हवीत, आणि चारातली तीन जाम होती. इंजिनही जाम.

नाना पेठेतले एक जुने मिस्त्री आहेत, त्यांना आम्ही मामा म्हणतो. ते येऊन बघून गेले. गाडीला हात न लावता आधी माझे पाने बघितले. "ताई, हा बाराकोनी रिंग पाना ठेवून द्या. गंजलेल्या नटाचे कोपरे हाच खातो. सहाकोनी सॉकेट आणा." ते रविवारी जुन्या बाजारात मिळाले, घासाघीस करून. माझ्या हातातली डब्ल्यूडी-४०ची बाटली बघून मामा हसले. ती अमेरिकेत १९५३मध्ये तयार झाली ती मुळात ओल हटवायला, चाळिसाव्या प्रयत्नात जमली म्हणून नावात चाळीस. वाईट नाही, पण चौदा वर्षांच्या गंजापुढे तिचं फारसं चालत नाही. मी ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरलं. दोन्ही एकत्र राहत नाहीत, दर वेळी बाटली हलवावी लागते. आणि ॲसिटोन पटकन पेट घेतं, त्यामुळे ज्या दिवशी तेल त्या दिवशी गॅसचा टॉर्च नाही.

नट जाम का होतो हे कळल्यावर माझी घाई कमी झाली. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आट्यांमध्ये तेवढी जागाच नसते, मग तो पाचर मारल्यासारखा अडकून बसतो. त्यामुळे जोर लावण्याआधी ही पाचर फुटायला हवी. तेल सोडायचं, नटाच्या डोक्यावर हातोडीने सरळ ठोके द्यायचे, पुन्हा तेल, रात्रभर तसंच. दुसऱ्या दिवशी आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा. नट सुटतो तेव्हा 'टक्' असा आवाज येतो आणि पुढे तो कुरकुरत फिरतो. हाताला रबर पिळल्यासारखं मऊ लागलं की थांबायचं, कारण तेव्हा नट फिरत नसतो, स्टड पिळला जात असतो. पाना सरकला तर ते वेगळंच. हे तीन प्रकार हाताला ओळखू यायला मला दोन महिने आणि तीन स्टड लागले.

तुटलेले तिन्ही स्टड एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे, आणि ते ज्यात बसतात ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. म्हणजे ड्रिल जरा वाकडं गेलं की मऊ हेड खराब. ईझी-आऊट, म्हणजे तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडून तो बाहेर काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार, वापरायला मामांनी साफ मनाई केली: तो कडक पोलादाचा, आत तुटला की मग त्यात ड्रिलही शिरत नाही. त्यांनी वेल्डिंगवाल्याला बोलावलं. त्याने उरलेल्या टोकावर नवा नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्ड भरलं. लोखंडाचं वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडला चिकटायची भीती नव्हती. लाल झालेलं टोक निवू दिलं, कोमट असताना कडेला मेणबत्ती टेकवली. वितळलेलं मेण आट्यांमध्ये असं ओढलं गेलं, जशी त्यांना तहानच लागली होती. दोन स्टड पाव-पाव फेरा पुढेमागे करत आले. तिसरा दोनदा वेल्ड करून आला. परत बसवताना पितळी नट घातले. ते लोखंडी स्टडवर गंजून बसत नाहीत.

इंजिनला मात्र फक्त वेळ दिला. चारही स्पार्क प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेच ऑटोमॅटिक गिअरचं तेल ओतलं आणि रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की क्रँकपुलीच्या (इंजिनासोबत फिरणाऱ्या पुढच्या चाकाच्या) नटाला पाना लावून दोन्हीकडे जरा जरा दाबायचं. स्टार्टरला हात लावायचा नाही ही बाबांची अट. अकराव्या दिवशी पुली बोटभर सरकली. मी ओरडले नाही. आधी पुलीवर केलेली खडूची खूण बघितली, मग बाबांना हाक मारली. ते काठी घेऊन आले, खूण बघितली आणि म्हणाले, "आता इंजिनाच्या चेंबरमधलं तेल बदल, पिस्टनच्या रिंगांवरून सगळं डिझेल खाली उतरलं असणार." शाबासकी एवढीच.

ब्रेकचे ड्रम ॲडजस्टर सैल करून आणि कडेने लाकडी ठोकळ्यावर ठोकून निघाले. आतली धूळ फुंकू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकलं.

सुट्या भागांसाठी मला सर्वांत आवडलेला प्रकार म्हणजे बादली. प्लास्टिकची बादली, लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा, एक टाकाऊ सळी आणि १२ व्होल्टचा चार्जर. काळी वायर गंजलेल्या भागाला, लाल सळीला. उलटं केलं तर आपलाच भाग खाल्ला जातो, म्हणून मी बादलीवर मार्करने लिहून ठेवलं. सळी साधीच हवी, स्टेनलेसमधून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बुडबुडे हायड्रोजनचे, तेव्हा दार उघडं आणि जवळ ठिणगी नको. ॲल्युमिनियमचं काहीही या पाण्यात टाकायचं नाही, सोडा त्याला खातो. रात्रभरात बिजागऱ्या आणि ब्रॅकेट काळे होऊन निघायचे, गंज हाताने पुसला जायचा. फक्त ऑगस्टच्या हवेत ते लगेच वाळवून तेल लावलं नाही तर तासाभरात पुन्हा तांबूस.

बादलीच्या आधी मी शहाणपणा करून संडास धुवायचं ॲसिड वापरलं होतं. गंज दहा मिनिटांत गेला, पण डबा शेडमध्ये उघडा राहिला. सकाळी नवे सॉकेट, पक्कड, बाबांची जुनी कानस, सगळ्यावर गंजाची साय. बाबा दोन दिवस बोलले नाहीत.

बादलीत न मावणाऱ्या जागी, चासीच्या कोपऱ्यांत, तारेच्या ब्रशने सुटा गंज काढून टॅनिक ॲसिडवालं गंजरोधक लावलं. तपकिरी डाग डोळ्यांदेखत निळसर काळा होतो. बाबा म्हणाले, "हिरड्याची शाई अशीच करायचे." खरंच तेच, हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड. चकचकीत पत्र्यावर त्याचा उपयोग नाही, धरायला थोडा गंज लागतो. वर रेड ऑक्साईडचा प्रायमर.

असाच एकदा ग्राइंडर चालवत होते आणि मामांनी मागून प्लगच उपसला. चासी नंबर वीतभर अंतरावर होता. आरटीओत त्याचा पेन्सिलने ठसा लागतो; तो घासला गेला असता तर गाडी कागदावर उरलीच नसती. आता त्यावर ग्रीस आणि चिकटपट्टी आहे.

गाडी सध्या डेंटरकडे आहे, स्वतःच्या चाकांवर गेली. एकच गोष्ट राहिली आहे: मागच्या डाव्या कमानपाट्याचा बोल्ट. आतल्या नळीशी एकजीव झालाय. कापायचा की नाही यावर आमचं एकमत नाही, तोवर दर रविवारी जाऊन तेल सोडते. परवा पाना लावला तर हलल्यासारखा वाटला. घरी येऊन सांगितलं. बाबांनी विचारलं, "खडूची खूण केली होतीस?"

नव्हती केली.

"मग पाना सरकला असेल."