२८ लिटरच्या सॅकमध्ये एक रात्र: पाचव्या मुक्कामापर्यंतची नोंद

परवाचा मुक्काम हा हलक्या सॅकचा पाचवा प्रयोग, आणि २८ लिटरच्या सॅकमधला दुसरा. घरातून निघताना काट्यावर ६.१ किलो भरले. त्यात दीड लिटर पाणी, ७५० ग्रॅम खाणं आणि बाकी सामान ३,८५० ग्रॅम. पहिल्या वेळी ५० लिटरची सॅक होती आणि आकडा होता १२.६ किलो, त्यातलं नुसतं सामानच ९.२. दोन्ही वेळा रात्र एकच आणि चालही साधारण तेवढीच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: खाणं, पाणी आणि इंधन सोडून जे उरतं ते बेस वेट. हलकं चालणारे जगभर साधारण ४.५ किलोची रेघ मानतात, म्हणजे मूळचे दहा पौंड. एका रात्रीसाठी ती रेघ गाठणं अवघड नाही, फक्त कुठून सुरुवात करायची ते कळायला हवं. मी चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली होती. टूथब्रशची दांडी कापली, कपड्यांची लेबलं उसवली. सगळं मिळून वीस-पंचवीस ग्रॅम वाचले असतील, आणि त्याच सॅकमध्ये दोन किलोंचा तंबू तसाच होता.

दुसऱ्या मुक्कामाला काहीही विकत न घेता बेस वेट पावणेआठ किलोच्या जवळ आलं. त्यासाठी एकच काम केलं. पहिल्या वेळी परत आल्यावर सॅक जमिनीवर रिकामी केली आणि तीन ढीग लावले: वापरलेलं, न वापरलेलं, आणि न वापरताही पुढच्या वेळी लागू शकेल असं. तिसऱ्या ढिगात प्रथमोपचार, शिट्टी, रेनकोट एवढंच राहू दिलं. न वापरलेल्या ढिगात जादा टी-शर्ट, दुसरी पँट, मुक्कामाच्या चपला, मोठा टॉवेल, दुसरं पातेलं, भली मोठी पॉवर बँक निघाली. एकेक वस्तू हातात घेतली की ती का भरली होती ते आठवायचं. जवळजवळ प्रत्येकीमागे एकच उत्तर होतं, भीती. भिजले तर, थंडी वाजली तर, भूक लागली तर. भीती खोटी नव्हती, पण एकाच भीतीसाठी तीन-तीन वस्तू चालल्या होत्या.

त्यातली सगळ्यात महाग भीती थंडीची. माझं ओझं खरं उतरलं ते झोपेचं गणित सुटल्यावर, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते.

पहिल्या दोन्ही मुक्कामांना माझ्याकडे दीड किलोची जाडजूड स्लीपिंग बॅग होती आणि खाली हवा भरायची पातळ मॅट. तरी पहाटे तीनच्या सुमाराला जाग आली ती उजव्या कुशीच्या हाडापाशी गार पडल्यामुळे. वरून ऊब, छाती गरम, आणि कुशीला पंजाएवढा गार डाग. कूस बदलली की डाग डावीकडे. मला वाटलं बॅग कमी पडते, पुढच्या वेळी आणखी जाड हवी. पण बॅगेची ऊब असते ती तिच्या फुगीरपणात, आत अडकलेल्या हवेत. अंगाखाली ती दबून पापुद्र्यासारखी होते. खालून जमीन उष्णता ओढत राहते, आणि तिथे बॅग नाही, फक्त मॅट कामाला येते.

मॅटची ही ताकद आर-व्हॅल्यूमध्ये मोजतात. २०१८ पासून त्याची एक समान चाचणी पद्धत आहे, त्यामुळे ती पाळणाऱ्या निरनिराळ्या मॅटचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. शिवाय आर-व्हॅल्यूची सरळ बेरीज होते. दोनची फोम मॅट आणि त्यावर तीनची हवेची मॅट घातली की पाच. माझी पातळ मॅट दीडच्या आसपास होती. म्हणजे दीड किलोची बॅग घेऊन मी जवळपास उघड्या जमिनीवर झोपले होते.

तिसऱ्या मुक्कामापासून बॅग सोडली आणि क्विल्ट घेतली. क्विल्ट म्हणजे पाठीकडून उघडी असलेली बॅग म्हणा. जो भाग अंगाखाली दबून वाया जातो तो मुळात शिवलेलाच नाही. पिसांची, ७२० ग्रॅम. पाय घालायला खाली खोळ असते आणि बाजूच्या पट्ट्या मॅटला अडकवायच्या. पट्ट्या नीट अडकवल्या नाहीत तर कूस बदलताना गार वारा शिरतो, त्यामुळे पहिल्या रात्री थोडा सराव लागला. मॅट घेतली घडीची, फोमची, जाड. माझ्या उंचीला पूर्ण लागत नव्हती म्हणून खांद्यापासून मांडीपर्यंत ठेवून बाकीची कापून टाकली. ३०० ग्रॅम. पायांखाली रिकामी सॅक टाकते. पायांवर भार कमी, म्हणून तेवढं पुरतं.

स्लीपिंग बॅगेवर लिहिलेल्या तापमानाबद्दलही सांगते, कारण तिथे बरेच जण फसतात. प्रमाणित चाचणी झालेल्या बॅगेवर कम्फर्ट आणि लिमिट असे दोन आकडे असतात. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण स्त्री आरामात झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आखडून का होईना, पण काकडून न उठता झोपेल ते. जाहिरातीत बऱ्याचदा लिमिटचा आकडा ठळक छापलेला असतो. थंडी सोसत नसेल तर कम्फर्टच बघा. मी तोच बघते.

बाकी अर्ध काम जागेची निवड करते, आणि तिला वजन नसतं. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून पायथ्याचा अंदाज बघून मुक्कामाच्या उंचीचा हिशोब आधीच लावते. रात्री गार हवा जड होऊन खोलगट जागेत साचते, त्यामुळे ओढ्याकाठची सपाट, सुंदर जागा पहाटे सगळ्यात गार असते. तिथून थोडं चढून गेलं की फरक अंगाला कळतो. आणि निरभ्र रात्री उघड्या आभाळाखाली झोपलं तर अंगावरची क्विल्ट आपली उष्णता थेट आभाळाकडे टाकत राहते, गार होते आणि तिच्यावर दव धरतं. परवा मी झाडाच्या फांद्यांखाली जागा घेतली. माझ्यापासून वीस पावलांवर मोकळ्यात झोपलेल्या सोबतिणीची क्विल्ट सकाळी हाताला ओली लागत होती, माझी कोरडी. पिसं भिजली की फुगीरपणा जातो आणि ऊबही जाते, म्हणून हा फरक लहान नाही. झाडाखाली जाताना वर वाळकी फांदी लोंबत नाही ना, ते मात्र मान वर करून नीट बघायचं.

निवारा: तंबू २,१०० ग्रॅमचा होता, आता ताडपत्रीवजा हलकी टार्प. दोर, खुंट्या आणि खालचं पातळ अंथरूण धरून ६१० ग्रॅम. चालायच्या काठ्या खांबासारख्या उभ्या करते. टार्पबद्दल खूप जणांना धास्ती वाटते, मलाही होती. तेव्हा मला एमा गेटवुड यांची आठवण उपयोगी पडली. १९५५ मध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी त्या अमेरिकेतली अॅपलाचियन ट्रेल, तीन हजार किलोमीटरहून लांब वाट, एकट्या चालून गेल्या. घरी शिवलेली एक पिशवी खांद्यावर, त्यात एक पांघरूण, एक रेनकोट आणि निवाऱ्याला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. पुढे तीच वाट त्यांनी आणखी दोनदा पूर्ण केली. त्यांच्यासारखं सामान घ्यावं असं मी म्हणत नाही, पण एका रात्रीसाठी दोन किलोंचं कापड कशाला, हा प्रश्न तिथून मनात बसला. डास-किड्यांचा हंगाम असेल तर टार्पखाली जाळी लागते, तो खर्च धरा. आणि वाऱ्याची रात्र असेल तर टार्प जमिनीलगत उतरवून बांधायची. उंच बांधली की रात्रभर फडफड.

पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, यातून सुटका नाही. म्हणून नकाशावर पाण्याच्या जागा आधी बघून ठेवते आणि पाण्यावर पोचल्यावर तिथेच पोटभर पिते. पुढच्या पाण्यापर्यंत लागेल तेवढंच भरते. उन्हाळ्याच्या शेवटी नकाशावरच्या रेघेवर विसंबून राहू नका, नुकतंच कुणी तिथे गेलं असेल त्याला विचारा. माझा गाळणीचा फिल्टर ९० ग्रॅमचा आहे. आतल्या पोकळ तंतूंची छिद्रं ०.१ मायक्रॉनची, त्यात जिवाणू अडकतात, पण विषाणू त्याहून खूप लहान. वस्तीच्या खालच्या अंगाचं पाणी असेल तर नुसतं गाळून पीत नाही, उकळते. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. आणि एकदा ओला झालेला हा फिल्टर गोठला की आतले तंतू फुटू शकतात, बाहेरून काहीच कळत नाही. गोठवणारी रात्र असेल तर तो पिशवीत घालून क्विल्टच्या आत घेऊन झोपा.

चूल परवा घरी ठेवली. भांडं, बर्नर आणि छोटा गॅसचा डबा मिळून ३९० ग्रॅम. एका रात्रीसाठी न शिजवता खाता येईल असं नेलं तर चालतं, आणि शिजवायचं पाणीही वाचतं. खाण्याचं वजन निवडताना एकच गोष्ट बघते: चरबीत ग्रॅमला नऊ कॅलरी, पिठूळ पदार्थांत आणि प्रथिनांत चार. सुकामेवा, दाणे, तेलबिया यांनी त्यामुळे ओझं पटकन उतरतं. पण खरं सांगते, संध्याकाळी अंधार पडल्यावर गरम काहीतरी हातात असावं असं फार वाटलं. आणि वाटेतलं पाणी संशयाचं निघालं असतं तर उकळायला काही नव्हतं. थंडीत किंवा पाण्याची खात्री नसेल तिथे चूल परत सॅकमध्ये जाईल. ते ३९० ग्रॅम वाया गेले असं मी मानणार नाही.

सॅक सगळ्यात शेवटी घेतली आणि हे बरं झालं. आधी लहान सॅक आणली असती तर निम्मं सामान बाहेर लोंबलं असतं. ही ६८० ग्रॅमची, आत फ्रेम नाही. फोम मॅटच्या घड्या पाठीच्या बाजूला उभ्या ठेवल्या की तीच फ्रेमचं काम करते. त्याच्या आत जाड प्लास्टिकची एक मोठी पिशवी अस्तरासारखी. बाहेरून घालायच्या पाऊस-कव्हरपेक्षा मला हीच भरवशाची वाटते, कारण कव्हर पाठीच्या बाजूने उघडंच असतं. क्विल्ट तिच्या लहान पिशवीत कोंबून भरत नाही. कोंबलेली पिशवी दगडासारखी गोल होते आणि तिच्या भोवती मोकळ्या खाचा राहतात. सुटी क्विल्ट तळाशी सोडली की ती कोपऱ्याकोपऱ्यात पसरते, वरून कपडे, आणि तेवढ्यावरच लिटर-दोन लिटर जागा निघाली. पाणी आणि खाणं मधोमध, पाठीला चिकटून. टार्प अगदी वर, म्हणजे पावसात पोचलं तर बाकी सॅक उघडायच्या आधी ती बांधता येते.

एक चूक लिहून ठेवते. चौथ्या मुक्कामाला ग्रॅम मोजायच्या नादात प्रथमोपचारातली चिकटपट्टी कमी करून टाकली. तिसऱ्या तासाला डाव्या टाचेला चुरचुरायला लागलं. त्या क्षणी पट्टी लावली असती तर फोड आलाच नसता. पट्टी नव्हती, चालत राहिले, आणि दुसऱ्या दिवशीची सगळी उतरण पाऊल वाकडं टाकत उतरले. आता मीटरभर पट्टी पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेली असते. वजन जवळपास काहीच नाही, आणि सॅक न उघडता हाताशी येते. तसंच रेनकोट, एक उबदार जॅकेट, कोरडे मोजे, हेडटॉर्च आणि शिट्टी यांच्यावर कात्री चालवायची नाही, हे स्वतःशी ठरवलं आहे. शिट्टी न्यायची तर खूणही पाठ असू द्या: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर देणारा मिनिटात तीन वेळा वाजवतो.

सहाव्या मुक्कामाला दोन गोष्टी बघायच्या आहेत. फोम मॅटवर पातळ हवेची मॅट, फक्त कंबरेपुरती, घालून आणखी गार रात्र झेपते का. वजन सव्वादोनशे ग्रॅमनी वाढेल. आणि बूट. पावलावरचं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवतं, आणि माझे बूट जोडीला १,३०० ग्रॅमचे आहेत. हलके जोडे आणले आहेत. आधी ते पायाला रुळेपर्यंत रिकाम्या पाठीने चालायचं, मग सॅक चढवायची.