अडकलेला ड्राइव्हशाफ्ट आणि माझा शनिवार-रविवार

डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या माणसाला गाडीखालच्या गंजाचे नवल वाटत नाही. हिवाळाभर रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ पसरतात, आणि शहराच्या पोटातच, सुमारे साडेतीनशे मीटर खोल, मिठाची खाण आहे. माझ्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीने असे नऊ हिवाळे सोसले होते. वळताना पुढच्या उजव्या चाकातून कटकट ऐकू येऊ लागली म्हणून वाकून पाहिले, तर सीव्ही जॉइंटचे (चाक वळलेले असतानाही त्याला फिरवत ठेवणाऱ्या सांध्याचे) रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटून ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडाले होते. नवा ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा, आणला आणि शनिवारी सकाळी कामाला लागलो. दुपारच्या जेवणापर्यंत काम आटोपेल, असे पत्नीला सांगितले होते.

पुढची दोन्ही चाके स्टँडवर घेतली आणि मागच्या चाकांना पाचरी लावल्या. चाकावर वजन असताना हबचा (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा) नट सैल करू नये, कारण बेअरिंग त्या नटाच्या ताणावरच धरलेले असते, असे दुरुस्ती-पुस्तिकेत स्पष्ट लिहिले होते. म्हणून पत्नीला ब्रेक दाबून बसवले आणि पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवून नट सोडवला. ब्रेकचे भाग आणि खालचा बॉल जॉइंट सुटायला फारसा वेळ लागला नाही. शाफ्ट मात्र हबमधून केसभरही हलेना.

जुना नट शाफ्टच्या टोकाशी समपातळीत फिरवून मी त्यावर हातोडा चालवला. नट नसता तर टोक चेपून फुगले असते आणि शाफ्ट हबमधून कधीच निघाला नसता, एवढे शहाणपण होते; पण त्यापुढचे नव्हते. गंज सोडवणारे तेल फवारले, तासभर थांबलो, पुन्हा ठोकले. टॉर्चने तापवायचा मोह झाला, तो आवरला, कारण बेअरिंगच्या सीलमध्ये एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरची चुंबकीय कडी असते आणि आतले ग्रीसही जळते.

रात्री मिरजेच्या मामांना व्हिडिओ कॉल केला. तिकडे रविवारची सकाळ उजाडली होती. त्यांची उभी हयात जीपगाड्यांखाली गेली आहे. ते म्हणाले, "अरे, टोकावर कशाला मारतोस? आधी ताण दे, मग हबला बाजूनं ठोक. गंज धक्क्यानं सुटतो, जोरानं नाही."

सुट्या भागांच्या दुकानातून अनामत रक्कम ठेवून हब पुलर, म्हणजे स्क्रूच्या जोराने शाफ्ट हबमधून ढकलणारे अवजार, उसना आणला. तो चाकाच्या स्टडवर बसवून मधला स्क्रू आवळला, तेल फवारले आणि ताण तसाच ठेवून हबवर बाजूने हलके ठोके दिले. दर वेळी स्क्रू थोडा ढिला लागे, म्हणजे आत काहीतरी सरकत होते. तिसऱ्यांदा आवळताना बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि शाफ्ट आणि हब ज्या दात्यांनी एकमेकांत बसतात, त्यांमधून तपकिरी भुकटी गळाली.

या यशाने मी चेकाळलो आणि आतले टोक दोन्ही हातांनी सरळ ओढले. शाफ्ट हातात आला, पण आतल्या जॉइंटचा कप डिफरन्शियलमध्येच (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यातच) राहिला. तो जॉइंट आत-बाहेर सरकण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे शाफ्ट ओढला की जॉइंटच उकलतो. या टोकाला गंज नव्हता; खाचेत बसलेल्या एका सर्क्लिपने, म्हणजे स्प्रिंगसारख्या तारेच्या कडीने, कप धरला होता. तिथे ताण किंवा हातोडा कामाचा नव्हता, कटावणीचा छोटा हिसका हवा होता, तोही ऑइल सीलची कड सांभाळून. दोन ठिकाणी कप हटला नाही. मग तो पाव फेरा फिरवला, पलीकडचे डावे चाक उलट फिरले, आणि पुढच्याच हिसक्यात कप बाहेर आला. पाठोपाठ गिअर ऑइलची धार लागली. सुदैवाने ट्रे आधीच खाली होता.

हबचे दाते तारेच्या ब्रशने घासून नवा शाफ्ट आत सारला आणि क्लिप बसल्याचा 'टक' आवाज ऐकूनच थांबलो. नवा नट टॉर्क रेंचने २२० न्यूटन-मीटरला आवळला आणि तेलाची पातळी भरून काढली. रिकाम्या पार्किंगमध्ये स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून फेऱ्या मारल्या, तेव्हा कटकट थांबली होती. परत आल्यावर डाव्या चाकाचे बूटही पाहिले. घड्यांमध्ये बारीक चिरा होत्या. पुलर आणखी आठवडाभर ठेवून घेतला.