शेतावरच्या दुरुस्तीसाठी वेल्डिंग मशीन निवडताना

माझे पहिले वेल्डिंग मशीन मी त्याच्या अंगावर ठळक छापलेला २५० हा आकडा पाहून घेतले. पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की नॉब ११० अँपिअरच्या पुढे सरकवला की शेडमधला एमसीबी पडतो, आणि एमसीबी टिकला तर दोन-तीन रॉड जळेपर्यंत मशीन तापल्याचा पिवळा दिवा लागून ते स्वतःच थांबते. दोष सगळा मशीनचा होता असे मी बराच काळ धरून चाललो होतो. पुढे मल्टिमीटर घेऊन बसलो तेव्हा कळले की अर्धा दोष त्या छापील आकड्याचा होता आणि उरलेला अर्धा मीच ओढलेल्या वायरीचा.

आकड्याचे आधी सांगतो. पुढच्या बाजूला रंगवलेला आकडा ही जाहिरात असते. खरी माहिती मागच्या किंवा खालच्या पाटीवर असते आणि ती वाचायला दोन मिनिटे पुरतात. त्या पाटीवर ‘एक्स’ या अक्षरापुढे टक्केवारी दिलेली असते, तिला ड्यूटी सायकल म्हणतात. १६० अँपिअरला ६० टक्के याचा अर्थ असा की ४० अंश सेल्सिअस तापमानात, दर दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे, मशीन १६० अँपिअर देऊ शकते आणि उरलेली चार मिनिटे त्याला थंड होऊ द्यावे लागते. काही मशीनांवर मोठा आकडा २० टक्क्यांना दिलेला असतो, म्हणजे दहातली दोनच मिनिटे. न थांबता किती प्रवाह मिळेल याचा अंदाज हवा असेल तर टक्केवारीच्या वर्गमुळाने गुणावे. ६० टक्क्यांना २०० अँपिअर देणारे मशीन सलग चालवल्यास सुमारे १५५ अँपिअरवर तग धरते.

पाटी खरे बोलते का, हेही तिथेच तपासता येते. हाताच्या रॉडने वेल्डिंग करताना ठिणगीच्या टोकाशी किती व्होल्ट धरायचे याचे ठरलेले सूत्र आहे: २० अधिक प्रवाहाच्या ०.०४ पट. २०० अँपिअरला २८ व्होल्ट, म्हणजे ५,६०० वॅट बाहेर पडायला हवेत. आता त्याच पाटीवर आत जाणारा जास्तीत जास्त प्रवाह २३० व्होल्टला २० अँपिअर असा लिहिला असेल, तर आत जाणारी शक्ती ४,६०० वॅटच्या वर जाऊ शकत नाही. आत ४,६०० घालून बाहेर ५,६०० काढणारे यंत्र अजून कोणी बनवलेले नाही. माझ्या त्या २५०च्या मशीनची पाटी मी या हिशेबाने पुन्हा वाचली तेव्हा ते जेमतेम १४० अँपिअरचे निघाले.

मग शेतावरच्या कामाला अँपिअर लागतात तरी किती? रॉडच्या जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे ३० ते ४० अँपिअर हा ढोबळ हिशेब चालतो. २.५ मिलिमीटरचा रॉड ६० ते ९० अँपिअरवर चालतो, ३.१५चा ९० ते १३० वर, आणि ४ मिलिमीटरच्या रॉडला १४० ते १८० लागतात. फाटकाची बिजागरे, अँगलच्या चौकटी, ट्रॉलीची फळी, कल्टिव्हेटरची फ्रेम, पंपाची बैठक ही सगळी कामे ३.१५च्या रॉडने होतात. ट्रॅक्टरच्या ड्रॉबारसारखी १२ किंवा १६ मिलिमीटर जाडीची पट्टी आली की लोकांना वाटते, मोठे मशीन हवे. खरे तर तिथे ग्राइंडरने दोन्ही कडांना उतार देऊन खाच करावी, तळाशी एक टाका नीट भरावा, टाक्यावर जमलेली खपली पूर्ण काढावी आणि त्यावर एकावर एक थर चढवावेत. खाच न करता मोठ्या प्रवाहाने वरून फासलेला जाड टाका दिसायला भारदस्त असतो, पण आत मूळ धरलेला नसतो. म्हणून ६० टक्क्यांना खरेखुरे १६० अँपिअर देणारे मशीन शेतीच्या दुरुस्तीला पुरते, असे माझे मत आहे. रॉड बदलणे, खपली झाडणे, तुकडा फिरवणे यांतच इतका वेळ जातो की हाताने काम करताना ठिणगी प्रत्यक्षात निम्म्याहून कमी वेळ पेटलेली असते.

आता वायरीकडे येतो, कारण मशीन निवडताना याच प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष जाते. माझी शेड मुख्य बोर्डापासून पन्नास मीटरवर आहे आणि तिथपर्यंत मी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर नेली होती. सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावून एका सोबत्याला ११० अँपिअरवर रॉड चालवायला सांगितले. ठिणगी नसताना २२६ व्होल्ट दिसत होते, रॉड पेटताच आकडा २०४ वर आला आणि रॉड चिकटला त्या क्षणी आणखी खाली गेला. त्या जाडीच्या वायरीतून जाऊन-येऊन शंभर मीटर अंतरात २० अँपिअर वाहिले की सुमारे १५ व्होल्ट वायरीतच जिरतात. तीच वायर सहा चौरस मिलिमीटरची असती तर ६ व्होल्ट गेले असते. इन्व्हर्टर मशीन, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारे हलके मशीन, व्होल्टेज घटले की तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी जास्त प्रवाह ओढते, त्यामुळे वायर आणखी तापते आणि व्होल्टेज आणखी घटते. शेवटी मी वायर बदलली, आणि ज्या मशीनला मी नावे ठेवत होतो ते १२० अँपिअरवर निमूटपणे चालू लागले. लांबच्या कामासाठी एक्स्टेन्शन वापरावेच लागले, तर ते गुंडाळलेल्या रिळावर ठेवून वापरू नये. पूर्ण उलगडावे, नाहीतर आतले थर तापून चिकटतात.

जनरेटरवर मशीन चालवायचे असेल तर हाच हिशेब उलट बाजूने करावा. ११० अँपिअरला साधारण २,७०० वॅट बाहेर येतात. मशीनमधली तूट आणि साध्या इन्व्हर्टरचा कमी पॉवर फॅक्टर (म्हणजे ओढलेल्या प्रवाहाचा काही भाग कामी न येणे) धरला तर आत जवळजवळ ५ केव्हीए जातात, आणि थोडी मोकळीक हवी म्हणून जनरेटर किमान ७ केव्हीएचा लागतो.

जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनबद्दल माझ्या मनात आदर आहे. तांबे आणि लोखंड यांपलीकडे त्यात फारसे काही नसते, धुळीने ते आजारी पडत नाही आणि बिघडले तर साधा वाइंडर ते पुन्हा उभे करतो. पण ते उचलायला दोन माणसे लागतात, एकाच कामाला ते जास्त वीज ओढते, आणि एसी प्रवाहावर काही रॉड नीट पेटतच नाहीत. इन्व्हर्टर आतमध्ये विजेची वारंवारता शेकडो पटींवर नेतो, त्यामुळे त्याचा ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा होतो आणि अख्खे मशीन खांद्याला अडकवून बांधावर नेता येते. शिवाय डीसी प्रवाह मिळतो, रॉड पेटताना क्षणभर जादा प्रवाह मिळतो आणि रॉड चिकटला तर प्रवाह आपोआप उतरतो. नव्याने शिकणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. मात्र पंखा हवेबरोबर ग्राइंडरचा लोखंडी कीस आत ओढतो आणि तो सर्किट बोर्डावर बसतो. त्यामुळे ग्राइंडिंग मशीनपासून दूर करावे आणि महिन्या-दोन महिन्यांनी, वीज पूर्ण तोडून, कोरड्या हवेने आतले भाग फुंकून काढावेत. माझ्या दुसऱ्या मशीनचा अंत मात्र किसाने केला नाही. उबेला आलेल्या एका पालीने बोर्डावर आडवे पडून स्वतःबरोबर मशीनही संपवले. तेव्हापासून काम संपले की मी त्याला कापडी पिशवी घालतो.

मिग मशीनचा मोह मलाही झाला होता. तार आपोआप पुढे येते, खपली नसते, आणि एक-दोन मिलिमीटरच्या पत्र्यावर रॉडपेक्षा कितीतरी नेटका टाका पडतो. पण ते गॅसच्या आवरणाखाली चालते आणि उघड्यावर झुळूक आली तरी ते आवरण उडून टाक्यात भोके पडतात. गंज, रंग आणि ग्रीस यांचीही त्याला रॉडपेक्षा जास्त अडचण होते, आणि शेतावरून येणाऱ्या वस्तूंवर या तिन्ही गोष्टी असतातच. गॅसशिवाय चालणारी फ्लक्सची तार हा मधला मार्ग आहे, पण त्या तारेसाठी मशीनच्या आतली जोडणी उलटवून टॉर्च ऋण टोकाला लावावी लागते. ती सोय आहे का ते आधी पाहावे. वर्कशॉपमध्ये दरवाजे, पेट्या, पत्र्याचे नवे काम रोज होत असेल तर मिग घ्यावेच. वर्षात वीस-पंचवीस वेळा तुटके जोडायचे असेल तर रॉडचेच मशीन बरे. टिगबद्दल (टंगस्टनच्या टोकाने, गॅसच्या आवरणात होणारे वेल्डिंग) एवढेच, की रॉडच्या मशीनवर ‘टिग’ असे लिहिले असले तरी डीसीवर अ‍ॅल्युमिनियम नीट जोडले जात नाही. त्याला एसी टिग लागते.

जी दुरुस्ती मशीन बदलून सुधारत नाही तिचेही सांगायला हवे. कल्टिव्हेटरचा एक दांडा मी तीनदा जोडला आणि तीनदा तो तुटला. तिसऱ्या वेळी तो हातात घेऊन पाहिला तर टाका जसाच्या तसा शाबूत होता आणि त्याच्या अगदी शेजारून, सरळ रेषेत, दांडा तुटला होता. तुटलेली बाजू साखरेसारखी रवाळ होती. अशा दांड्याच्या पोलादात कार्बन जास्त असतो, आणि टाक्याशेजारचा भाग झपाट्याने थंड झाला की तो काचेसारखा ठिसूळ होतो. चौथ्या वेळी दांडा आधी २०० अंशांच्या आसपास तापवला, नेहमीच्या ई ६०१३ रॉडऐवजी कमी हायड्रोजनचा ई ७०१८ रॉड वापरला आणि काम झाल्यावर तो कोरड्या राखेत गाडून सावकाश निवू दिला. तो दांडा अजून चालू आहे. म्हणून मशीन घेताना ई ७०१८ त्यावर सहज चालतो का, हे विचारावे. हा रॉड सहसा डीसीच्या धन टोकावर चालवतात. एसीवर चालवायचा तर मशीनचे रिकामे, म्हणजे ठिणगी नसतानाचे, व्होल्टेज सुमारे ७० हवे, आणि ओल धरलेला असेल तर तो आधी ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून घ्यावा लागतो. बिडाच्या वस्तूंना निकेलचे रॉड लागतात, पण ते कोणत्याही चांगल्या डीसी मशीनवर चालतात.

रिकाम्या व्होल्टेजचा दुसराही एक पैलू आहे. ओल्या मातीत गुडघे टेकून काम करताना घामेजलेल्या हातमोज्यातून होल्डरचे ७०-८० व्होल्ट जिवावर बेतू शकतात. काम थांबताच हे व्होल्टेज उतरवणारी व्हीआरडी नावाची सोय काही मशीनांत असते. शेतासाठी मी तिला इतर कोणत्याही बटणापेक्षा जास्त महत्त्व देतो. मशीनबरोबर आलेली केबल आणि अर्थिंगचा क्लॅम्प बहुधा कामचलाऊ असतात, त्यामुळे बजेटमधला थोडा भाग त्यांच्यासाठी आणि १० किंवा ११ शेडच्या हेल्मेटसाठी राखून ठेवावा. ट्रॅक्टरवर काम असेल तर बॅटरीचे ऋण टोक सोडावे आणि क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावावा, नाहीतर प्रवाह वाटेतल्या बेअरिंगमधून जाऊन त्यांच्या गोळ्यांवर चट्टे पाडतो.

घेण्याआधी मी आता एकच परीक्षा करतो. सहा मिलिमीटरच्या पट्टीचे दोन तुकडे आणि ३.१५च्या ई ७०१८ रॉडचे पाकीट सोबत नेतो, १२० अँपिअर लावतो आणि पाच रॉड एकामागून एक जाळतो. एक रॉड मिनिटभर किंवा थोडा अधिक टिकतो. पहिला रॉड सगळ्याच मशीनांवर छान चालतो. चौथ्या-पाचव्या रॉडला आवाज तोच राहिला, विझलेला रॉड पहिल्याच घासाला पुन्हा पेटला आणि पिवळा दिवा लागला नाही, तर मी पाटीचा फोटो काढून घेतो आणि मगच पुढचे बोलतो.